पार्किंग नंबर दोनमधली होडी

मालक लिफ्टमध्ये कधी बसले नाहीत. चौथ्या मजल्यावर राहायचे, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखायचे, तरी जिनाच. मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा माझी समजूत होती की माणसाला बंद जागेची भीती असेल. एकदा भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर दम खात उभे दिसले, म्हणून मी विचारलंच. ते म्हणाले, "लिफ्ट हाय तिथं आमची विहीर होती. भाजी घेऊन विहिरीत कोन उतरतो?"

हे ते विनोद म्हणून सांगत नव्हते. पनवेलच्या खाडीकडची ती जमीन त्यांच्या घराण्याची. आधी मिठागर, मग भराव, मग बिल्डर, मग आमची सात मजली इमारत. जमिनीच्या बदल्यात त्यांना चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला आणि खाली पार्किंगमधली दोन नंबरची जागा. जमीन गेली, पण 'मालक' हे नाव राहिलं. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना मालकच म्हणायचे आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. जुनी जमीन त्यांच्या डोक्यात जशीच्या तशी होती. बी विंगला ते 'बांधावर' म्हणत. सोसायटीचं ऑफिस म्हणजे 'बैलांची जागा'. मला शोधायला आले की वॉचमनला विचारायचे, "सेकेटरी बैलांच्या जागेत हायत का?" आणि तो साधाभोळा माणूस मान डोलावून हो म्हणायचा. पहिले सहा महिने मला याचा राग यायचा. नंतर मीच फोनवर बायकोला सांगायला लागलो की बैलांच्या जागेत आहे, जेवायला उशीर होईल.

दोन नंबरच्या पार्किंगमध्ये त्यांची होडी होती. ते होरी म्हणायचे. शिडाची, लहानशी, तिघं जेमतेम बसतील एवढी, त्यांच्या वडिलांनी बांधलेली. डोलकाठी उतरवून आत आडवी ठेवलेली, शीड घडी करून गोणत्यात. एका बाजूला डॉक्टरांची पांढरी गाडी, दुसऱ्या बाजूला स्कूटरची रांग, आणि मधोमध ही. नवीन भाडेकरूंना वाटायचं की बिल्डरने शोभेला ठेवली आहे. ते तिच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे आणि मालक वरून गॅलरीतून बघत राहायचे. फोटोला त्यांची हरकत नसे. कोणी तिच्यावर हेल्मेट ठेवलं तर मात्र चार मजले उतरून खाली यायचे, ते हेल्मेट उचलून जमिनीवर ठेवायचे आणि परत चार मजले चढायचे. बोलायचे काही नाहीत.

घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. मोबाइल होता, पण त्यातली वेळ ते बघत नसत. बोटांच्या पेरांवर तिथी मोजायची, तिची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता ते निघतं. खाडीत आत शिरायला पाणी अर्धा तास जास्त घेतं, तो मिळवायचा. अष्टमीला साडेसहा, पौर्णिमेला पावणेबारा. त्यांचा सगळा दिवस यावर चालायचा. दाढी, बाजार, बँक, सगळं भरतीला. ओहोटीला घेतलेला निर्णय टिकत नाही असं त्यांचं ठाम मत होतं, त्यामुळे आमच्या रविवारी दहाच्या मीटिंगला ते पाण्याच्या हिशोबाने उगवायचे. एकदा मीटिंग संपून खुर्च्या उचलून झाल्यावर आले आणि म्हणाले, आता बसू या, आता पाणी चढतंय. चेअरमन, एका कंपनीतून निवृत्त झालेले शिस्तीचे गृहस्थ, त्यांच्या कपाळाची शीर तेव्हा फुगलेली मी पाहिली आहे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात दोष माझा आहे. मी जासईच्या एका कंटेनर यार्डात मेंटेनन्सला आहे. दिवसभर क्रेन आणि फोर्कलिफ्ट. आमच्या धंद्यात ढिलं म्हणजे धोका. एक बोल्ट ढिला राहिला तर वीस टनांचा डबा कोणाच्या तरी डोक्यावर येतो. त्यामुळे कुठे काही खुळखुळलं की माझा हात आपोआप पान्याकडे जातो. घरातलं एकही बिजागर कुरकुरत नाही. बायको म्हणते, तुम्ही लग्नातसुद्धा मंडपाचे खांब हलवून बघत होता. ते खरं आहे.

तर सोसायटीने ठराव केला की पार्किंगमध्ये बंद पडलेली वाहनं ठेवायची नाहीत. टायर बसलेल्या चार स्कूटर होत्या, एक गंजलेली व्हॅन होती, त्यांच्यासाठी तो ठराव. चेअरमननी यादीत होडीही घातली आणि नोटीस काढायची माझ्यावर आली. मी व्यवस्थित नोटीस लिहिली. 'आपले दोन क्रमांकाच्या जागेतील वाहन बराच काळ बंद अवस्थेत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी ते चालू करून दाखवावे अन्यथा आवारातून हलवावे.' माझी मराठी चांगली आहे, असं चेअरमन म्हणाले.

मालक नोटीस घेऊन खाली आले. मी ऑफिसात एकटाच होतो. ते समोरच्या खुर्चीत बसले, कागद टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "होरी पार्किंगमदी आनलेली नाय, सायेब. पार्किंग होरीवर आनलंय."

मला कळेना, म्हणून त्यांनी नीट समजावून सांगितलं. खाडीचा एक फाटा पूर्वी इथपर्यंत यायचा. त्याच्या टोकाला त्यांच्या वडिलांनी खुंट ठोकला होता आणि होडी त्या खुंटाला असायची. इमारतीचं काम चाललं तेवढी तीन वर्षं त्यांनी ती ओळखीच्या घरी ठेवली, आणि बिल्डरशी भांडून, नकाशावर बोट ठेवून, नेमकी तीच जागा पार्किंग म्हणून मागून घेतली. विहीर गेली, बांध गेला, बैलांची जागा गेली. जिथे होतं तिथेच राहिलेलं असं त्यांचं एवढंच होतं. इथून हलवायची म्हटलं तर नेऱ्याला मुलीकडे न्यावी लागली असती, डोंगराच्या पायथ्याला, जिथे होडी जाईल असं पाणीच नाही. जावई तिच्यात पेंढा भरेल, असं ते म्हणाले. हे सांगताना ते उगाच माझ्या टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. मला त्या क्षणी नोटीस फाडून टाकावीशी वाटली. पण सेक्रेटरी होतो.

मग मीच तोडगा काढला. ठरावात 'चालू करून दाखवावे' असं लिहिलंय, तर दाखवा चालू करून. स्कूटर रस्त्यावर चालवून दाखवतात, होडी खाडीत चालवून दाखवा. कमिटीने बघितलं की मी चालू म्हणून नोंद करतो. चेअरमननाही ते पटलं, कारण त्यांना खात्री होती की ती बुडणार. महिन्याभरानंतरची पौर्णिमा रविवारी येत होती. सकाळी पावणेबाराला भरती, खाडीवर प्रात्यक्षिक, आणि संध्याकाळी सहाला खाली पार्किंगमध्ये मीटिंग, असं ठरलं.

होडी तपासायला मी त्यांच्याबरोबर खाली गेलो. बुडाच्या फळ्या सुकून चिरा पडल्या होत्या, पण ते म्हणाले त्याची चिंता नको. मग मागे गेलो. सुकाणू म्हणजे होडीच्या पाठीला टांगलेली उभी फळी. तिच्या माथ्याला चौकोनी भोक असतं, त्यात दांडा बसवतात, आणि तो दांडा डावी-उजवीकडे करून होडी वळवतात. सुकाणू ऐनाच्या लाकडाचं, दांडा बाभळीचा. मी दांडा धरला आणि तो भोकात खडखडला. टोकाशी चांगला वीतभर इकडून तिकडे जात होता. मी म्हटलं, मालक, हा एवढा ढिला आहे, हा आधी घट्ट करायला हवा, मी यार्डातून सामान आणतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

ते म्हणाले, "ढिला नाय तो. तहानलेला हाय."

त्यांची दुरुस्ती म्हणजे पाणी पाजणं. नळाचं पाणी चालत नाही, त्याने लाकूड कुजतं, खाडीचंच हवं. दुसऱ्या दिवसापासून ते रोज भरतीला रिक्षातून चार कॅन घेऊन खाडीवर जायचे आणि भरून आणायचे. ते पाणी होडीत ओतायचे. पहिले तीन दिवस ते सगळं चिरांतून गळून पार्किंगभर पसरलं. डॉक्टरांच्या गाडीखाली खाडीचा चिखल साचला, आणि सातव्या मजल्यापर्यंत वास गेला. माझ्याकडे एका आठवड्यात अकरा तक्रारी आल्या. चौथ्या दिवसापासून गळती कमी झाली, दहाव्या दिवशी पूर्ण थांबली. फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या होत्या. सुकाणूच्या माथ्याला त्यांनी ओली गोणपाटं गुंडाळली होती आणि ती वाळू नयेत म्हणून वॉचमनला ताकीद होती. दिवसातून एकदा ते दांडा धरून, डोळे मिटून, हलवून बघायचे. मीही यार्डात जाताना हलवून बघायचो. वीतभराची हालचाल चार बोटांवर आली, मग दोन बोटांवर आली, आणि तिथे थांबली.

दोन बोटं. मला काही ते सहन होईना. मी त्यांना परत म्हटलं की एवढी तरी कशाला ठेवायची. ते म्हणाले की एवढी हवी, लाकूड पाण्यात अजून पिईल, त्याला जागा नको का. दांडा वाजला पाहिजे, पण बडबडला नाही पाहिजे. मी वरवर हो म्हटलं.

शनिवारी सकाळी भरतीला आठ जणांनी उचलून टेम्पोत घातली आणि खाडीत नेऊन सोडली. तरंगली. मालकांनी ती काठाला बांधली, सुकाणू अडकवलं, माथ्यावर ओली गोणपाटं बांधली आणि पाठ फिरवून चालायला लागले. मी म्हटलं, कोणी राखणीला नको का? तर म्हणाले, पाण्याचं काम चाललेलं असताना माणसाने जवळ उभं राहू नये, आता उद्याच यायचं. त्यांचं असं काहीतरी असायचं.

त्या शनिवारी मी रजा टाकली होती. दुपारभर घरी बसलो आणि माझ्या डोळ्यांसमोर ती दोन बोटं हलत होती. उद्या सगळी कमिटी काठावर उभी असेल, वाऱ्यात दांडा खडखडेल, चेअरमन म्हणतील की बघा, ही काय चालू स्थिती आहे. म्हाताऱ्याची होडी पेंढ्यात जाईल. पाच वाजता मी बॅटरीचं ड्रिल, एक लांब बोल्ट आणि दोन ट्यूब मिसळून लावायचा तो पक्का गोंद घेऊन खाडीवर गेलो. ओहोटी होती, होडी चिखलात बसली होती. फळकूट टाकून मी तिच्यापर्यंत पोचलो. यार्डातल्या जुन्या पॅलेटच्या लाकडाच्या दोन पाचरी मी सकाळीच तासून ठेवल्या होत्या, म्हणजे मनात आधीपासूनच होतं. त्या गोंद लावून भोकात दोन्ही बाजूंनी ठोकल्या, आडवं भोक पाडून बोल्ट घातला आणि आवळला. दांडा हलवून बघितला. सुकाणू आणि दांडा एकजीव झाले होते. गोणपाटं पुन्हा ओली करून होती तशी बांधली आणि घरी आलो. छान झोप लागली, हे सांगायला आज लाज वाटते.

रविवारी साडेअकराला काठावर पंधरा-वीस माणसं होती. कमिटी, बायका, कोणी वडापावही आणले होते. मालक धुतलेला सदरा घालून आले, गोणपाटं सोडली, दांड्याला हात लावला, आणि थांबले. एकदा हलवला. दुसऱ्यांदा हलवला. मग त्यांनी वाकून भोकात बघितलं आणि मान वर करून काठावर नजर फिरवली, एकेका माणसावर, आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मला म्हणाले, या, बसा. मी बसलो. त्यांनी शिडाची दोरी माझ्या हातात दिली, शीड चढवलं आणि होडी निघाली.

पंधरा मिनिटं झकास चालली. शीड भरलं होतं, पाणी चकाकत होतं, डोक्यावरून एक विमान उतरायला चाललं होतं, आणि मालक एक अक्षर बोलत नव्हते. मला वाटलं, बघा, घट्ट दांड्याने किती सरळ जाते आहे. मग परत फिरायला त्यांनी दांडा जोरात ढकलला आणि सुकं लाकूड फोडावं तसा आवाज झाला. सुकाणूचा माथा उभा चिरला होता, बोल्टच्या भोकापासून वरपर्यंत. माझ्या सुक्या पाचरी रात्रभर पाणी पिऊन फुगल्या होत्या, आणि फुगायला त्यांना मी जागाच ठेवली नव्हती.

मालकांनी दांडा उपसून पायाखाली ठेवला. पायाशीच वल्हं होतं, ते उचलून पाठीमागे पाण्यात धरलं आणि त्याने होडी वळवायला लागले. अंगाने असं झाकून धरलं होतं की काठावरून दांडाच वाटावा. तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी बोलले, आणि तेही काठाकडे बघत. "तहानलेल्याच्या तोंडात बोळा कोंबलात तुमी, सायेब."

मी दोरी घट्ट धरून ठेवली. होडी जिथून सुटली होती त्याच जागी येऊन लागली, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. काठावर टाळ्या झाल्या. चेअरमन प्रामाणिक माणूस, ते पुढे येऊन म्हणाले की मालक, मानलं तुम्हाला, सेक्रेटरी, चालू म्हणून नोंद करा. मी मान हलवली. सुटलो, असं मला वाटलं.

संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी होती. मालक पावणेसहालाच येऊन पहिल्या रांगेत बसले होते. दोन नंबरची जागा रिकामी होती, फरशीवर मिठाचा पांढरा डाग. मी इतिवृत्त वाचलं, विषयपत्रिकेवरचा होडीचा विषय आला, आणि मी 'चालू' असा शब्द उच्चारला तेवढ्यात ते उठले.

"लिवू नका तसं," ते म्हणाले. "होरी चालली नाय. मी चालवली. सुकान फुटलाय. नोटीस बरोबर हाय तुमची."

चेअरमननी विचारलं, कसं फुटलं? मालक म्हणाले, ते माझं आणि होरीचं आहे, आणि खाली बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्यासमोर इतिवृत्ताचं पुस्तक उघडं होतं, पेन हातात होतं, आणि मी 'बंद' लिहायचं आणि विषय संपवायचा एवढंच बाकी होतं. म्हातारा स्वतःच्या होडीबद्दल खोटं ऐकून घ्यायला तयार नव्हता, आणि माझं नावही घ्यायला तयार नव्हता. उभं राहून मी सांगून टाकलं. शनिवार, पाच वाजता, पाचरी, गोंद, बोल्ट, सगळं. नको म्हणाले असताना केलं, हेही सांगितलं. माझी बायको तिसऱ्या रांगेत होती, तिने डोळे मिटून घेतले.

चेअरमन बराच वेळ चष्मा पुसत राहिले. नियमाचा माणूस नियमातूनच वाट काढतो. त्यांनी मला लिहायला सांगितलं: वाहन सदस्याने बंद पाडलेले नसून सोसायटीच्या पदाधिकाऱ्याने पाडले आहे, सबब सदर पदाधिकाऱ्याने ते स्वतः दुरुस्त करून द्यावे आणि दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत ते बंद वाहन धरू नये. हात वर झाले. मालकांनी हात वर केला नाही. ओहोटीला ते मत देत नसत.

होडी दुसऱ्या दिवशी भरतीला आपल्या जागी परत आली. आणि माझी शिकवणी सुरू झाली.

सुकाणूचा नवा माथा करायला ऐनाचं लाकूड वखारीतून मी आणलं. त्यांनी ते हुंगून परत पाठवलं. दुसरं आणलं, तेही परत गेलं. तिसरं त्यांनी ठेवून घेतलं, पण पार्किंगच्या कोपऱ्यात आठ महिने नुसतं उभं करून ठेवलं. मग भोक पाडायचं, तर ड्रिल वर्ज्य. पटाशी आणि हातोडी. रोज संध्याकाळी यार्डातून आलो की मी तासभर तिथे बसायचो आणि ते उलट्या बादलीवर बसून बघायचे. चुकलं की बोलायचे नाहीत, नुसते नाकाने आवाज करायचे. मी पन्नाशीला टेकलेला, हाताखाली बारा माणसं असलेला माणूस, त्या आवाजाला घाबरायला लागलो होतो. पहिला दांडा मी केला तो त्यांनी वॉचमनला कुत्री हाकायला दिला. दुसरा आंबे उतरवायच्या झेल्याला लावला. तिसऱ्याने पाण्याच्या टाकीचं झाकण उचलतात, अजूनही. एकदा मी वैतागून म्हटलं, मालक, तुम्हाला हे काम पुरं व्हायला हवंय की नकोय? कारण पुरं झालं की पुन्हा खाडीवर दाखवावं लागणार आणि न झालं तर होडी इथेच राहणार, हे मलाही कळत होतं. त्यांनी माझ्या हातातली पटाशी घेऊन तिची धार बोटावर तपासली. मग म्हणाले, असं काम मी लांबवीत नाही, तुझाच हात अजून आवळतो. तेव्हा पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं. मला त्या दिवशी का कोण जाणे फार बरं वाटलं.

चौथा दांडा जमला असं मला वाटत होतं. सुकाणूत बसवून ठेवला होता, पण अजून त्यांना दाखवला नव्हता, कारण त्यांना त्या आठवड्यात धाप लागत होती आणि ते खाली उतरत नव्हते. मग एक दिवस जास्तच झालं. मुलगी नेऱ्याहून आली, दवाखान्यात न्यायला गाडी दारात लावली, आणि मालक लिफ्टमध्ये बसायला तयार होईनात. मुलगी रडकुंडीला आली. तिला ते म्हणाले की विहिरीत ढकलायचं असेल तर नंतर ढकल. शेवटी आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. खुर्चीचा पुढचा उजवा पाय माझ्याकडे होता. प्रत्येक वळणावर ते म्हणायचे, सावकाश, घाई नाही, पाणी अजून चढतंय.

खाली आल्यावर त्यांनी पार्किंगकडे बोट दाखवलं. आम्ही खुर्ची होडीच्या मागे नेऊन ठेवली. त्यांनी हात लांब केला, दांडा धरला, डोळे मिटले आणि हलवला. ठक्, ठक्. दोन बोटं, जास्त नाही, कमी नाही. त्यांनी परत एकदा हलवला.

"वाजतोय," ते म्हणाले. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "बरा वाजतोय."

मग गाडीत बसवलं. दोन दिवसांनी ते दवाखान्यातच गेले. मी पंचांग काढून तिथी बघितली आणि पेरांवर मोजलं. गेले ते भरतीला. मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली की मला माहीत आहे, मीही मोजलं.

फ्लॅट तिने भाड्याने दिला. होडीचं काय करायचं हे विचारायला ती माझ्याकडे आली, तेव्हा मी म्हटलं, असू दे, काम अजून माझ्याकडे आहे. दोन नंबरची जागा तिने मला वापरायला दिली. माझी स्वतःची जागा मी नवीन भाडेकरूंना दिली, कारण त्यांच्याकडे लहान मूल आहे, आणि माझी गाडी तेव्हापासून रस्त्यावर असते. पावसात आरसे हिरवे होतात. बायकोने यावर बोलायचं सोडून दिलं आहे. महिन्यातून दोनदा, पौर्णिमेला आणि अमावास्येला, जासईहून येताना मी खाडीवर थांबतो आणि डिकीतून चार कॅन भरून आणतो. फळ्यांना पाणी लागतं. वास येतो, ते खरं आहे.

सेक्रेटरीपद मी सोडलं. आता तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी आहे, हुशार, सगळं मोबाइलवर करते. गेल्या आठवड्यात तिची नोटीस आली. 'आपले दोन क्रमांकाच्या जागेतील वाहन बराच काळ बंद अवस्थेत असल्याचे निदर्शनास आले आहे.' वाचताना मला ओळखीचं वाटलं. तिने माझीच जुनी नोटीस फाइलमधून काढून शब्दाला शब्द उतरवली होती, फक्त फ्लॅट नंबर माझा. मराठी चांगली आहे, यात शंका नाही.

जिना उतरून मी उत्तर देऊन आलो. लिफ्ट चालू होती, पण भाजीची पिशवी हातात होती. उत्तर असं लिहिलं आहे:

'दुरुस्ती पूर्ण झाली आहे. येत्या पौर्णिमेला सकाळी पावणेबारा वाजता भरती आहे, त्या वेळी कमिटीने खाडीवर यावे. सुकाणूच्या दांड्यात दोन बोटे हालचाल दिसेल. ती मालकांनी तपासून पास केलेली आहे.'